अहोवाल्यांची बाजू

मालिकेने पुस्तकाची वाट लावली हे माझं मत पहिल्या भागापासून होतं आणि आजही तेच आहे. आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक म्हणतील उर्वी नरमली. नरमलेली वगैरे काही नाही. आता ग्रुपवर तोंड उघडायची लाज वाटते, एवढंच.

'खारदेश' नावाची चार पुस्तकं आहेत. खाडीकाठचं, मिठावर जगणारं एक राज्य आणि ते परत मागायला येणारा समुद्र. राजकन्या सांजा, तिची आई पहिल्याच पुस्तकात पुरात जाते. मग येते धारावती, राजाची दुसरी राणी. तिला समुद्र थोपवायची विद्या येते, पण दर वेळी त्या बदल्यात स्वतःचं काहीतरी द्यावं लागतं. सांजाला वाचवायला ती आधी आवाज देते, मग सावली, मग झोप. चारही पुस्तकांत सांजा तिला 'अहो आई' म्हणते. अगदी शेवटच्या पानावर राणी बांध ओलांडून पाण्यात निघते तेव्हाही ती बांधावरून म्हणते, "अहो आई, थांबा." राणी थांबत नाही. संपलं पुस्तक.

मालिकेत काय केलं? शेवटच्या भागात ती नटी ऊर फुटेस्तोवर ओरडते, "अगं आई, थांब." आणि राणी वळून परत येते. मागे सनई. मी घरी एकटीच बघत होते, तरी रिमोट आपटला.

आमचा 'खारदेशकर' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात पुस्तकवाले आणि मालिकावाले असे दोन तट आधीपासून होतेच. त्या भागानंतर त्यांची नावं अहोवाले आणि अगंवाले पडली. अगंवाल्यांचा म्होरक्या सौमित्र. कोलशेतला राहतो, आयटीत आहे, आणि त्याने आधी मालिका बघितली, मग पुस्तकं वाचली. म्हणजे आधी श्रीखंड चापून मग वरणभाताला नावं ठेवायची, असला प्रकार. अहोवाल्यांची म्होरकी कोण हे सांगायला नको. मी डोंबिवलीत अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. छातीठोक बोलायची सवय लागलीय, ती वर्ग संपला म्हणून सुटत नाही.

शेवटी ग्रुपची ॲडमिन क्षिप्रा वैतागली. म्हणाली, तुम्ही दोघं समोरासमोर या आणि काय ते एकदाचं भांडून घ्या. कोपरीतल्या एका वाचनालयाचा हॉल तिने मिळवला, रविवारची संध्याकाळ ठरली, विषय ठेवला 'अहो की अगं?' मी एका पायावर तयार झाले.

कोपरी मला सोयीचं होतं, कारण आमचं घर तिथेच. आमचं म्हणजे बाबांचं. बाबा गेले, आता तिथे आई एकट्या असतात.

'आई असतात' हे ऐकून तुम्हाला सासू वाटली असेल. सगळ्यांनाच वाटते. माझं लग्न झालेलं नाही, सासूचा प्रश्न नाही. मी तिसरीत असताना माझी आई गेली. तिला मी अगं म्हणायचे. मी पाचवीत असताना बाबांनी सुमतीबाईंशी लग्न केलं आणि मला सांगितलं, ह्यांना आई म्हणायचं. म्हटलं. नुसतं पुढे 'अहो' लावलं. बाबांना वाटलं, पोरगी वळणाची आहे. तेव्हा ते वळणबिळण काही नव्हतं, त्या बाईला बाहेर ठेवायचं होतं मला. पुढे ते मनातून कधी गेलं कळलंच नाही, शब्द मात्र तसाच राहिला. त्यांनी माझ्या तापात रात्री काढल्या, माझ्या नोकरीसाठी बाबांशी भांडल्या, आणि मी त्यांना अहो म्हणत राहिले. सवय झाली म्हणजे आपण शब्दाकडे बघतच नाही.

लोकांचा मात्र हमखास घोटाळा व्हायचा. भाजी घेताना, दवाखान्यात, लग्नकार्यात मी "अहो आई" म्हटलं की शेजारची बाई विचारणार, "सूनबाई का?" आणि आई न चुकता म्हणणार, "सून नाही हो, मुलगी आहे. आमच्याकडे आईला अहो म्हणायची पद्धत आहे." मला वाटायचं, बाई वेळ मारून नेतेय. मी गप्प बसायचे. आपल्यामुळे त्यांना खोटं बोलावं लागतंय असं वाटून कधीकधी ओशाळायला व्हायचं, पण तेही तेवढ्यापुरतं.

आणि खारदेशची पुस्तकं घरात आणली कोणी, तर त्यांनीच. पहिलं पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं, मी हात लावला नाही, तर स्वतःच मोठ्याने वाचायला बसल्या. मी पाठ करून बसायचे आणि कान तिकडे. राणीचा आवाज गेल्यावर तिची मनातली वाक्यं त्या नुसते ओठ हलवून वाचायच्या आणि मी ओळखायची. त्यासाठी मला वळून बसावं लागलं. मग तो आमचा खेळच झाला. पाहुणे बसलेले असताना त्या लांबून ओठ हलवून विचारायच्या, 'चहा टाकू?' आणि मी मान हलवायची.

आता खरी गोष्ट. कोपरीची बिल्डिंग पाडायला काढलीय. महिनाअखेरीला सगळ्यांनी घरं रिकामी करायची. आईंचा भाऊ, रघुमामा, चिपळूणला असतो. तो रोज फोन करत होता, ताई इकडे ये, वरचा मजला मोकळा आहे. आई त्याला हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. मला भेटल्या की म्हणायच्या, "रघू बोलावतोय, पण मी अजून काही कळवलेलं नाही." आणि जरा थांबायच्या. का थांबायच्या हे न कळायला मी दूधखुळी नाही. डोंबिवलीला मी घरीच क्लास घेते, त्याची मागची खोली मी रिकामी केलेली. बाकं गॅलरीत काढलेली, खिडकीला पडदे लावलेले, एक बऱ्यापैकी पलंग आणलेला. फक्त विचारलेलं नव्हतं. एवढी बडबडी मी, पण आमच्या दोघींत असं सरळ विचारायची रीतच पडली नव्हती. कार्यक्रम झाला की घरी जेवताना विचारायचं, चला माझ्याकडे म्हणायचं, असं पक्कं ठरवलेलं.

रविवारी दुपारी गेले तर ओट्यावर खोबऱ्याच्या वड्या थापून ठेवलेल्या.

"तुमच्या मंडळींना चहाबरोबर," आई म्हणाल्या. "मीही आले तर चालेल ना गं?"

"अहो आई, कंटाळाल तुम्ही. नुसती भांडाभांडी असते."

"मी पण वाचलंय ते," त्या म्हणाल्या आणि साडी बदलायला गेल्या.

आता वाटतं, तेव्हाच मला कसं सुचलं नाही? महिनाभर अहो-अगं, अहो-अगं करत होते, आणि त्याचा माझ्या घरातल्या अहोशी काही संबंध आहे हे टाळक्यात आलंच नाही. मी पुस्तकाबद्दल भांडत होते. घरातलं ते घरातलं.

हॉल बऱ्यापैकी भरलेला. आई तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या, मांडीवर वड्यांचा डबा. सौमित्र आधी बोलला. वाईट बोलला नाही, हे मान्य करावं लागेल. तो म्हणाला, "राणीने आवाज दिला, सावली दिली, झोप दिली. एक शब्द ऐकायला तिने अजून काय द्यायला हवं होतं? लेखिकेने तो दिला नाही, मालिकेने दिला. यात बिघडलं काय?"

टाळ्या पडल्या. मी उठले. भाषेवर बोलले, अहोतलं अंतर हाच पुस्तकाचा कणा आहे म्हणाले, चारही पुस्तकांतली पानं पाठ म्हणून दाखवली. लोक ऐकत होते, पण नुसते ऐकत होते. शिकवणाऱ्या माणसाला समोरचे डोळे बरोबर कळतात. तेवढ्यात सौमित्रने मध्येच विचारलं, "पण मॅडम, अहोमध्ये माया नसते हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझी आजी आयुष्यभर आजोबांना अहो म्हणाली. आणि काय सुंदर भांडायची."

सगळा हॉल हसला. आईसुद्धा हसल्या. मला मिरची लागली. श्रीखंडवाल्याकडून हरायचं, तेही कोपरीत, माझ्या घराजवळ?

"कोणी सांगायला कशाला पाहिजे?" मी म्हणाले. "मला माहीत आहे. मी स्वतः दुसऱ्या आईकडे वाढलेय."

हॉल गप्प झाला. ते गप्प होणं मला आवडलं, खोटं कशाला बोलू. जीभ सुटली ती सुटलीच.

"अगं म्हणजे थेट स्वयंपाकघरात," मी म्हणाले. "डबे उघडून खायचं, विचारायचं नाही. अहो म्हणजे बाहेर चप्पल काढून उभं राहायचं, या म्हटल्यावर आत. काही माणसं आपल्या आयुष्यात बाहेरच उभी राहतात. कितीही करोत. वाईट नसतात, पण ती जागा त्यांची नसते, ती एकीचीच असते. लहान मुलाला हे कोणी शिकवावं लागत नाही. ते बरोबर शब्द निवडतं आणि शेवटपर्यंत बदलत नाही. मी नाही बदललेला. सांजाही बदलणार नाही. मालिकावाल्यांना रडायचं होतं म्हणून त्यांनी राणीला आत घेतलं. लेखिका प्रामाणिक होती."

टाळ्या अशा पडल्या की क्षिप्राने पुढे होऊन हात वर केले तेव्हा थांबल्या. तिचे डोळे भरलेले. सौमित्र माझ्याकडे न बघता माइकची वायर गुंडाळत बसला. जिंकले, एवढंच माझ्या मनात होतं. आणि मग तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

आई रडत वगैरे नव्हत्या. डब्याच्या झाकणाची कडी लावत होत्या. लागलेलीच होती ती, तरी पुन्हा उघडून लावत होत्या.

आत्ता आपण काय बोललो ते मला पहिल्यांदा ऐकू आलं, आणि माझ्याच आवाजात आलं. क्षिप्रा विचारत होती, "अहोच्या बाजूने कोण कोण? हात वर करा." भराभरा हात वर गेले. आईंनी आजूबाजूला बघितलं, डबा सांभाळला आणि त्यांनीही हात वर केला. माझ्या बाजूने. कुठे तोंड लपवू असं झालं मला. तिथल्या तिथे सांगावं की मी बोलले ते खोटं आहे, निदान कधीच शिळं झालंय, असं वाटलं. पण लोक अभिनंदन करत होते आणि मी थँक्यू थँक्यू म्हणत होते.

चहाच्या वेळी आईंनी स्वतः सगळ्यांना वड्या दिल्या. सौमित्रला आग्रहाने दुसरी दिली. त्याने विचारलं, "छान झाल्यात. तुम्ही उर्वी मॅडमच्या...?"

"मी इथेच कोपरीत राहते," आई म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

तो मग माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं असावं. तेव्हापासून तो ग्रुपवर माझ्याशी भांडलेला नाही.

घरी चालतच आलो. वळणावर आई म्हणाल्या, "चांगलं बोललीस. स्पष्ट."

"अहो आई, ते आपलं वादापुरतं होतं."

"तसं काही नसतं गं. वादात माणूस खरं बोलून जातं." त्यांचा आवाज नेहमीचाच होता. मग त्या म्हणाल्या, "आमच्या माहेरी आम्ही सगळी भावंडं आईला अहोच म्हणायचो. रघूला विचार. जुनी पद्धत होती घरात. मी लग्न होऊन आले आणि तू पहिल्याच दिवशी 'अहो आई' म्हणालीस. मला वाटलं, बघ, हिला कोणी सांगितलं नाही, तरी माझ्या घरचं बरोबर उचललं हिने." जरा हसल्या. "लोकांनाही सांगत सुटले मी."

मी रस्त्यात उभी राहिले. म्हणजे ती पद्धत खरी होती. वेळ मारून नेणं वगैरे काही नव्हतं. ही बाई इतकी वर्षं भाजीवालीला, डॉक्टरला, लग्नातल्या बायकांना माझ्याबद्दल अभिमानाने सांगत होती, आणि मी बाजूला उभी राहून तिची कीव करत होते. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

"माझं ऐका ना," मी म्हणाले. "सुरुवातीला तसं होतं. लहान होते मी. नंतर नाही राहिलं तसं. देवाशपथ नाही राहिलं."

"असेल," त्या म्हणाल्या. "चल, कुकर लावायचाय."

पानं घेतली तेव्हा मी खोलीचं काढलं. घाईघाईत, सगळं चुकीच्या क्रमाने. पलंग आणला, पडदे लावले, सकाळी ऊन येतं, क्लास दुसरीकडे हलवते. आई भात वाढत होत्या. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"मघाशी तू हात धुवायला गेलीस तेव्हा रघूला फोन केला," त्या म्हणाल्या. "येते म्हणून सांगितलं."

"मग परत फोन करा. सांगा, मुलीकडे जाते."

"दोन महिने मी वाट बघितली गं, तू विचारशील म्हणून. काल विचारलं असतंस तर आज पिशवी भरून निघाले असते." आमटी वाढायला त्या थांबल्या. "बाहेर उभं राहायला मला काही वाटलं नाही, कारण आपण बाहेर आहोत हे मला माहीतच नव्हतं. आता कळल्यावर आत यायचं कसं? रोज तू हाक मारशील आणि रोज मला ते आठवेल. तुलाही आठवेल. दोघी अवघडून जाऊ. नकोच ते."

मी रडले. त्यांनी माझ्या पानात तूप वाढलं. समजूत घालणं तेवढं केलं नाही, आणि ते मी मागणार तरी कोणत्या तोंडाने?

घर आवरायला मी रोज जात होते. रोज काहीतरी बोलायचं ठरवून जायचे आणि भांडी कागदात गुंडाळून परत यायचे. गंमत म्हणजे हाक मारायची सोय राहिली नव्हती. अहो म्हणवेना, अगं तोंडात बसेना. "ऐकलंत का", "हे कुठे ठेवू" असं बिनहाकेचं बोलायचे. आईंच्या लक्षात आलं असणार, त्यांच्या काय लक्षात येत नाही. खारदेशची चारही पुस्तकं त्यांनी माझ्यासाठी वेगळ्या पिशवीत घालून ठेवलेली. "तुझीच आहेत," म्हणाल्या.

खोपटच्या डेपोत चिपळूणची गाडी सकाळची होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. सामान मी वर लावून दिलं, पाण्याची बाटली दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभी राहिले. शेजारी साधारण त्यांच्याच वयाच्या एक बाई येऊन बसल्या. ड्रायव्हर चढला. मला कळलं की आता नाही तर कधीच नाही. आदल्या रात्रभर घोकलेलं होतं.

"अगं आई," मी म्हणाले. "थांब. जाऊ नकोस."

आईंनी माझ्याकडे बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, उतरतातच आता. मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालाला लावला.

"नको गं," त्या म्हणाल्या. "आता ते सिरियलमधलं वाटतं."

होतंच ते सिरियलमधलं. महिनाभर ज्या वाक्याची मी टिंगल केली, भर सभेत ज्याला रडारड म्हणाले, तेच जसंच्या तसं उचलून त्यांच्या खिडकीशी आणलेलं. माझ्याजवळ माझं असं दुसरं वाक्यच नव्हतं.

"पोचल्यावर फोन करा, अहो आई," मी म्हणाले.

"करते."

गाडी सुरू झाली. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघून हसत विचारलं, "सूनबाई का तुमच्या?"

धूर आत यायला लागला तशी आईंनी काच ओढून घेतली आणि त्यांच्याकडे वळल्या. आवाज आला नाही, पण त्यांचे ओठ मला लहानपणापासून वाचता येतात.

"हो," त्या म्हणाल्या. "सून. डोंबिवलीला असते."